कंपनीचे दोन प्रकारचे शेअर असतील तर ईपीएस कसा काढायचा: टप्प्याटप्प्याने

कंपनीचा एकच प्रकारचा शेअर असेल तर ईपीएस, म्हणजे प्रति शेअर कमाई, हा एक साधा भागाकार असतो. नफा वर, शेअरची संख्या खाली. पण भांडवलात 'अ' वर्ग, 'ब' वर्ग, डीव्हीआर (वेगळा मताधिकार असलेले शेअर), प्रेफरन्स शेअर (लाभांशावर आधी हक्क असलेले) असे दोन-तीन प्रकार आले की हाच भागाकार चुकतो. चूक बहुतेक वेळा आकडेमोडीची नसतेच. नफ्याची वाटणी न करता थेट भागायला घेतले जाते, तिथे ती होते. म्हणून आधी वाटणी, मग भागाकार, हा क्रम शेवटपर्यंत सोडू नका.

भारतात यासाठी इंड एएस (भारतीय लेखा मानके) ३३ आणि ज्यांना इंड एएस लागू नाही त्यांच्यासाठी एएस २० ही मानके आहेत. दोन्हींचे म्हणणे एकच: नफ्यात वेगळा हक्क असलेल्या प्रत्येक वर्गाचा ईपीएस वेगळा दाखवा. अमेरिकेत हेच काम एएससी २६० या मानकाखाली 'टू-क्लास' पद्धतीने होते.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवे

- आर्टिकल्स ऑफ असोसिएशन (कंपनीची नियमावली) आणि प्रत्येक वर्गाच्या इश्यूच्या अटी (लाभांशाचे कलम तर शब्द न् शब्द)
- नफा-तोटा पत्रक आणि इक्विटीतील बदलांचे पत्रक, एकत्रित (उपकंपन्यांसह) आणि स्वतंत्र दोन्ही
- वर्षभरातील अलॉटमेंट, बायबॅक, स्प्लिट, बोनस यांच्या तारखा
- लाभांशाचे ठराव
- ईसॉपचा (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन, देणारी योजना) तपशील: किती ऑप्शन, कोणत्या किमतीला, कोणत्या वर्गाच्या शेअरसाठी
- परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर किंवा डिबेंचर असतील तर त्यांचे करार
- वर्षभराची शेअरची सरासरी बाजारकिंमत

एक्सेलमध्ये प्रत्येक वर्गासाठी वेगळा पान-टॅब उघडा. सगळे वर्ग एकाच तक्त्यात कोंबले की नंतर ताळा करताना कोणता शेअर कुठला हे शोधत बसावे लागते.

१. वर्ग कुठे वेगळा आहे ते पाहा: मतात की नफ्यात?

ईपीएसला मताधिकाराशी काही देणेघेणे नाही. एका शेअरला दहा मते आणि दुसऱ्याला एकही नाही, तरी नफ्यातला वाटा सारखा असेल तर ईपीएस एकच. अल्फाबेटचे 'ए' शेअर एक मताचे, 'बी' दहा मतांचे आणि 'सी' बिनमताचे आहेत. नफ्यावर तिघांचा हक्क समान, म्हणून ईपीएसही समान. सेबीने २०१९ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रवर्तकांसाठी जादा मतांचे शेअर आणले, त्यांचेही तसेच: मते जास्त, लाभांश बरोबरीचा.

आता टाटा मोटर्सचा 'ए' साधारण शेअर घ्या, ज्याला बाजार डीव्हीआर म्हणायचा. २००८ च्या राइट्स इश्यूत तो आला. दहा शेअरमागे एक मत, पण लाभांश साधारण शेअरपेक्षा पाच टक्के-अंकांनी जास्त. इथे नफ्यातला हक्क वेगळा आहे, म्हणून ईपीएस दोन. सप्टेंबर २०२४ मध्ये दहा 'ए' शेअरला सात साधारण शेअर या प्रमाणात ते शेअर रद्द झाले, तरी जुने वार्षिक अहवाल शिकायला उत्तम आहेत.

सापळा: "पाच टक्के जास्त" आणि "पाच टक्के-अंक जास्त" यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. साधारण शेअरला दर्शनी किमतीच्या १०० टक्के लाभांश असेल, तर टक्के-अंकांच्या हिशेबाने दुसऱ्याला १०५ टक्के मिळतो. साधारणचा लाभांश २०० टक्के झाला की दुसऱ्याचा २०५ होतो, २१० नव्हे. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर हा फरक लाभांश कितीही असो, शेअरमागे १० पैसेच राहतो. टाटा मोटर्सने २०२२-२३ साठी साधारण शेअरला २ रुपये आणि 'ए' शेअरला २.१० रुपये लाभांश दिला, तो याच हिशेबाने.

२. वरचा आकडा ठरवा: साधारण भागधारकांचा नफा

एकत्रित पत्रकात करोत्तर नफ्यातून उपकंपन्यांतील अल्पसंख्याक (बाहेरच्या) भागधारकांचा वाटा आधी वजा करा. उरतो तो मालकांचा नफा. त्यातून इक्विटीत धरलेल्या प्रेफरन्स शेअरचा लाभांश वजा करायचा. इथे तीन ठिकाणी हमखास ठेच लागते.

पहिली: ठरावीक मुदतीला परत करायचे प्रेफरन्स शेअर इंड एएसमध्ये सहसा कर्ज धरले जातात. त्यांचा लाभांश वित्तीय खर्चात आधीच गेलेला असतो. तो पुन्हा वजा केला तर नफा दोनदा कापला जातो. म्हणून आधी ताळेबंदात ते शेअर कुठे बसवले आहेत ते पाहा.

दुसरी: संचयी (न दिलेला लाभांश पुढे साचत जाणाऱ्या) प्रेफरन्स शेअरचा या वर्षाचा लाभांश जाहीर झालेला नसला तरी वजा करायचा. उलट, मागच्या वर्षांची थकबाकी यंदा दिली असेल तर ती यंदा वजा करायची नाही. ती त्या-त्या वर्षी वजा झालेली असते. असंचयी असतील तर या वर्षासाठी जाहीर झालेला लाभांशच धरायचा.

तिसरी: शाश्वत (परतफेडीची मुदत नसलेल्या) रोख्यांचे व्याज इक्विटीतून थेट दिले जाते, त्यामुळे नफा-तोटा पत्रकात ते दिसत नाही. ईपीएससाठी तेही नफ्यातून वजा होते. टाटा स्टीलच्या जुन्या अहवालांत ईपीएसच्या टिपेत अशा (हायब्रिड) रोख्यांची ही वजावट दिसते.

२०२० पूर्वीची वर्षे तपासत असाल तर लाभांश वितरण कर विसरू नका. १ एप्रिल २०२० पासून तो गेला, पण त्याआधी प्रेफरन्स लाभांशाबरोबर त्यावरचा करही वजा होत असे.

३. खालचा आकडा: प्रत्येक वर्गाची भारित सरासरी

वर्षाअखेरची संख्या घेऊ नका. जितके दिवस शेअर बाहेर होते तितकेच त्याचे वजन. एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: तारीख, व्यवहार, बदल, शिल्लक, त्या शिलकीचे दिवस, आणि शिल्लक × दिवस. शेवटच्या रकान्याची बेरीज भागिले ३६५.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. पुढचा सगळा हिशेब हिच्यावरच. दर्शनी किंमत १० रुपये. 'अ' वर्गाचे १ एप्रिलला ८० लाख शेअर होते, १ ऑक्टोबरला बाजारभावाने २० लाख नवे दिले. 'ब' वर्गाचे ३० लाख शेअर वर्षभर तसेच.

दिवसांनी: (८० × १८३ + १०० × १८२) ÷ ३६५ = ८९.९७ लाख. महिन्यांनी: ८० + २० × ६/१२ = ९० लाख. मानकाला वाजवी अंदाज चालतो. खऱ्या हिशेबात दिवस वापरा; इथे आकडे डोक्यात राहावेत म्हणून मी 'अ' चे ९० लाख आणि 'ब' चे ३० लाख धरतो.

बोनस आणि स्प्लिटला हे वजन लागू नाही. त्यातून कंपनीत पैसा येत नाही, म्हणून ते वर्षाच्या पहिल्या दिवसापासून झाले असे धरायचे आणि मागच्या वर्षाचा ईपीएसही सुधारायचा. वर्ष संपल्यावर पण हिशेब मंजूर होण्याआधी बोनस आला, तरी हेच. बोनस दुसऱ्या वर्गाच्या शेअरचा असला तरी सुटका नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने २०११ मध्ये वीस साधारण शेअरमागे एक डीव्हीआर बोनस म्हणून दिला होता. असे शेअरही मागच्या वर्षाच्या भाजकात येतात.

अंशतः भरलेले शेअर लाभांशात जितक्या प्रमाणात भागीदार, तितकाच त्यांचा अपूर्णांक मोजायचा. ईसॉप ट्रस्टकडे पडून असलेले कंपनीचे स्वतःचे शेअर मोजायचे नाहीत. सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर मात्र करार झाल्या दिवसापासून मूळ (बेसिक) ईपीएसमध्येच येतात. स्टार्टअपच्या हिशेबात हे वारंवार सुटते.

४. वाटणी करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अटींमधले लाभांशाचे वाक्य कोणत्या साच्याचे आहे, त्यावर सूत्र ठरते. काल्पनिक कंपनीचा मालकांचा नफा १,२६० लाख, प्रेफरन्स लाभांश ६० लाख, म्हणजे वाटायला उरले १,२०० लाख रुपये. सरळ भागले तर १,२०० ÷ १२० = १० रुपये येतात. हे उत्तर दोन्ही वर्गांसाठी चुकीचे आहे.

*साचा एक: ठरावीक जादा रक्कम.* 'ब' ला पाच टक्के-अंक जास्त, म्हणजे शेअरमागे ५० पैसे. आधी ही जादा रक्कम बाजूला काढा: ३० × ०.५० = १५ लाख. उरले १,१८५ लाख, ते सगळ्या १२० लाख शेअरमध्ये समान: ९.८७५. म्हणून 'अ' चा ईपीएस ९.८८ आणि 'ब' चा ९.८७५ + ०.५० = १०.३८.

टाटा मोटर्सच्या २०२३-२४ च्या एकत्रित आकड्यांवर हे करून पाहा. मालकांचा नफा सुमारे ३१,३९९ कोटी, साधारण शेअर सरासरी ३३२ कोटींच्या थोडे वर, 'ए' शेअर सुमारे ५०.८५ कोटी. 'ए' चे जादा १० पैसे म्हणजे साधारण ५ कोटी रुपये बाजूला काढून उरलेले सगळ्यांत वाटले की कंपनीने दाखवलेल्या आकड्यांपाशी पोहोचता: साधारण ८१.९५ आणि 'ए' ८२.०५.

*साचा दोन: टक्क्यांनी जास्त.* 'ब' चा लाभांश 'अ' च्या दहा टक्के जास्त. मग 'ब' चा एक शेअर 'अ' च्या १.१० शेअरइतका धरा: ९० + ३० × १.१० = १२३ लाख समतुल्य शेअर. १,२०० ÷ १२३ = ९.७६ हा 'अ' चा, त्याच्या १.१० पट १०.७३ हा 'ब' चा. अमेरिकेच्या हर्शी कंपनीत साधारण शेअरचा रोख लाभांश 'बी' वर्गापेक्षा दहा टक्के जास्त असतो. तिथे कमी मते असलेल्याला जास्त पैसा मिळतो.

बर्कशायर हॅथवे याच साच्याचे टोक आहे. 'बी' चा एक शेअर नफ्यात 'ए' च्या १,५०० व्या भागाइतका. म्हणून कंपनी सगळे शेअर 'ए' समतुल्य करते. २०२३ मध्ये नफा ९,६२२.३ कोटी डॉलर, सरासरी समतुल्य 'ए' शेअर १४,४८,८८०. ईपीएस ६६,४१२ डॉलर, आणि १,५०० ने भागून 'बी' चा ४४.२७. 'ए' आणि 'बी' ची संख्या सरळ बेरीज करून भागणाऱ्याचे उत्तर कुठल्याच वर्गाचे नसते. जानेवारी २०१० च्या आधी हे प्रमाण तीसास एक होते; 'बी' चे एकास पन्नास स्प्लिट झाल्यावर ते १,५०० झाले. त्यामुळे जुन्या अहवालातला 'बी' चा ईपीएस आजच्याशी ताडताना ५० ने भागा.

*साचा तीन: जाहीर लाभांश वेगळा, उरलेला नफा समान.* समजा वर्षाअखेरीस 'अ' ला २ रुपये आणि 'ब' ला ३ रुपये लाभांश मिळाला, आणि न वाटलेल्या नफ्यात दोघे बरोबरीचे. लाभांशाच्या दिवशी 'अ' चे शेअर १०० लाख आहेत, म्हणून 'अ' ला २०० लाख गेले, 'ब' ला ९० लाख. उरले ९१० लाख. ते १२० मध्ये वाटले तर शेअरमागे ७.५८३.

इथे मोह होतो 'अ' साठी २ + ७.५८ = ९.५८ लिहिण्याचा. ते चूक आहे. लाभांश १०० लाख शेअरना दिला, पण भाजक ९० लाखांचा आहे. बरोबर रीत अशी की वर्गाच्या वाट्याला आलेली एकूण रक्कम त्या वर्गाच्या भारित सरासरीने भागायची. 'अ': (२०० + ६८२.५) ÷ ९० = ९.८१. 'ब': (९० + २२७.५) ÷ ३० = १०.५८. वर्षात शेअर वाढले नसते तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच आले असते, म्हणून ही चूक कित्येक वर्षे लपून राहते आणि नवे शेअर निघालेल्या वर्षी ऑडिटर पकडतो.

५. ताळा घ्या

प्रत्येक वर्गाचा ईपीएस गुणिले त्याची भारित संख्या, सगळ्यांची बेरीज. ती वाटायच्या नफ्याइतकी आलीच पाहिजे. साचा एकमध्ये: ९० × ९.८७५ = ८८८.७५, ३० × १०.३७५ = ३११.२५, बेरीज १,२००. गोल न केलेले आकडे वापरा. दोन दशांशांवर गोल करून ताळा घेतला की काही हजारांचा फरक येतो आणि नसलेली चूक शोधण्यात तास जातो.

ताळा जुळला नाही तर आधी एकके पाहा. नफा कोटीत, शेअर लाखात, हे कारण सगळ्यात जास्त वेळा सापडते. मग साचा तीनची ती भाजकाची चूक शोधा.

६. डायल्युटेड ईपीएस

आता प्रश्न असा की पुढे शेअरमध्ये बदलू शकणारे सगळे बदलले तर काय? काल्पनिक कंपनीत 'अ' वर्गाचे ६ लाख ऑप्शन आहेत, १५० रुपयांचे. सरासरी बाजारभाव २००. ऑप्शनमधून येणाऱ्या ९०० लाख रुपयांत बाजारातून ४.५ लाख शेअर घेता आले असते. म्हणजे फुकट गेलेले शेअर १.५ लाख. तेवढेच भाजकात वाढवा, सहा लाख नव्हे.

आता वाटणी पुन्हा करा. साचा एकनुसार १,१८५ ÷ १२१.५ = ९.७५ 'अ' साठी आणि १०.२५ 'ब' साठी. 'ब' चा एकही ऑप्शन नाही, तरी 'ब' चा ईपीएस घटला. एका वर्गाचे शेअर वाढले की दुसऱ्याच्याही ताटातला घास कमी होतो. म्हणून डायल्युशन फक्त त्या वर्गाच्या भाजकात टाकून थांबायचे नाही.

इंड एएसमध्ये कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनच्या किमतीत त्यांनी अजून न दिलेल्या सेवेचे मूल्यही मिळवायचे असते. ते सोडले तर फुकट शेअर जास्त दिसतात.

एक वर्ग दुसऱ्यात बदलता येत असेल तर जपून. साचा एकमध्ये 'ब' चे 'अ' मध्ये एकास एक रूपांतर शक्य आहे असे धरा. बदलल्यावर जादा ५० पैसे संपतात, 'अ' चा ईपीएस १,२०० ÷ १२० = १० होतो, म्हणजे ९.८७५ वरून वाढतो. वाढवणारे रूपांतर धरायचे नसते; ते सोडा. हर्शीत उलटे आहे: 'बी' ला कमी मिळते, म्हणून 'बी' साधारणमध्ये बदलला की साधारणचा ईपीएस खाली येतो, आणि तो हिशेब धरावा लागतो. दिशा अंदाजावर सोडू नका, दर वेळी आकडा घालून पाहा. अशी साधने एकाहून जास्त असतील तर ईपीएस सर्वात जास्त खाली आणणारे आधी घ्या आणि एकेक करत पुढे जा. ईपीएस घटतो की वाढतो हे ठरवण्याच्या कसोटीचा आकडा मात्र चालू व्यवसायाच्या नफ्याचा. बंद केलेल्या व्यवसायाचा नफा-तोटा त्यात मिसळायचा नाही.

७. तोट्याचे वर्ष

लाभांशातला जादा हक्क तोट्यात आपोआप लागू होत नाही. तोटा कोणी किती सोसायचा हे अटींवर ठरते, आणि सहसा तो दोघांत समान जातो. टाटा मोटर्सचा २०२१-२२ चा एकत्रित तोटा सुमारे ११,४४१ कोटी होता. साधारण आणि 'ए', दोन्हींचा ईपीएस उणे २९.८८ दाखवला गेला. नेहमीचे सूत्र तसेच फिरवले असते तर 'ए' चा तोटा १० पैशांनी कमी दिसला असता. तुमच्या एक्सेलमध्ये नफा शून्याखाली गेला की जादा रक्कम शून्य होईल अशी अट घालून ठेवा, आणि ती अट इश्यूच्या कागदाशी जुळते का ते एकदा वाचून घ्या. तोट्यात ऑप्शन धरले तर प्रति शेअर तोटा कमी दिसतो, म्हणून तेही सोडायचे. मूळ आणि डायल्युटेड आकडा त्या वर्षी सारखाच येतो.

८. मांडणी

नफा-तोटा पत्रकावरच प्रत्येक वर्गाचा मूळ आणि डायल्युटेड ईपीएस द्या, चालू आणि मागचे वर्ष दोन्ही. दोन वर्ग म्हणजे किमान आठ आकडे. टिपेत वर्गवार नफ्याची वाटणी, वर्गवार भारित संख्या, शेअरची दर्शनी किंमत आणि वाटणीचा आधार असलेले अटींमधले वाक्य लिहा. डायल्युशन वाढवणारे नाही म्हणून जी साधने सोडली त्यांचाही उल्लेख लागतो, कारण पुढच्या वर्षी तीच मोजावी लागू शकतात.

गुंतवणूकदार म्हणून पीई (भाव भागिले ईपीएस) काढत असाल तर ज्या वर्गाचा भाव त्याच वर्गाचा ईपीएस घ्या. बर्कशायरच्या 'बी' चा भाव 'ए' च्या ईपीएसने भागला की निकाल शून्याजवळ येतो आणि चूक लगेच दिसते. दोन वर्गांचे आकडे जवळजवळ असलेल्या कंपनीत तीच चूक नजरेतून सुटते. शिवाय संकेतस्थळांवर अनेकदा एकच ईपीएस दिलेला असतो. तो कोणत्या वर्गाचा आणि एकत्रित की स्वतंत्र, हे वार्षिक अहवालाच्या टिपेवरून जुळवल्याशिवाय वापरू नका.